कागदावरची चौथी सूचना

दाताच्या डॉक्टरशी माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो. "फार काही दुखत नाही हो, इकडून चाललो होतो म्हणून सहज आलो." गाल टम्म सुजलेला, डोळ्यांत रात्रभरचं जागरण, खिशात लवंगेची पुडी, आणि म्हणे सहज आलो! जळगावात तीसेक वर्षं दवाखाना चालवताना मी ही थाप रोज ऐकली आणि रोज तितक्याच उत्साहाने रागावले. माझा आवाज मुळातच मोठा. मी धुळ्याच्या देवपुरातली. पांझरेच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू जावी, अशी आमच्या घरातल्या बायकांची रीत. पेशंट तोंडावर मला मॅडम म्हणायचे आणि जिन्यात गेले की 'ओरडणारी बाई'. आता उजवा हात किंचित कापतो म्हणून खुर्ची भाचीच्या ताब्यात दिली आहे. आवाज मात्र शाबूत आहे.

पण आज ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते लोक माझ्या दवाखान्यात येतच नसत. मीच त्यांच्याकडे जायची. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डायलिसिस सेंटर होतं. किडनी निकामी झाली की रक्तातली घाण शरीराबाहेर जात नाही. मग आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला जोडून चार-चार तास रक्त धुऊन घ्यावं लागतं. एका हातात दोन जाड सुया आणि वर छताकडे बघत पडून राहायचं. त्यांच्या तोंडात काय चाललंय हे कुणी विचारत नसे. किडनी कुठे आणि दात कुठे, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं, आणि हे लिहिताना लाज वाटते.

माझे थोरले भाऊ, आमचे नाना, धुळ्याला दोन वर्षं डायलिसिसवर होते. मी भेटायला गेले की त्यांची एकच तक्रार. "भाजीले लोखंडना वास येस." वहिनी बिचारी रोज कढई बदलायची, तेल बदलायची, शेवटी तिने माठसुद्धा बदलला. आम्ही सगळे म्हणायचो, नाना आजाराने किरकिरे झालेत. मी दाताची डॉक्टर, बॅगेत आरसा आणि टॉर्च घेऊन हिंडणारी, पण सख्ख्या भावाला एकदाही 'आ' करायला सांगितलं नाही. ते गेल्यानंतर काही महिन्यांनी, दुसरंच काही शोधताना, एका पुस्तकात वाचलं की या आजारात लाळ आटते, तोंडाला लघवीसारखा वास येतो, अन्नाला धातूची चव लागते, हिरड्या सुजून रक्त येतं. पुस्तक मिटलं आणि वहिनीला फोन केला. म्हटलं, वहिनी, तुझी भाजी चांगलीच होती गं. ती फोनवरच रडली.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी मी टॉर्च घेऊन वर जायला लागले. तिथली सगळी व्यवस्था यास्मिन बघायची. शनिपेठेतल्या शिंप्याची मुलगी, सुई शिवणाची असो की शिरेची, हात कधी चुकायचा नाही. ती मला म्हणाली, "मॅडम, हे लोक तुम्हाला घाबरतात." मी म्हटलं, "घाबरू देत. मशीनला जोडलेला माणूस पळून तर जात नाही!"

पहिले तोंड उघडणारे होते सलीमचाचा. रजया-गाद्या भरणारे पिंजारी. बोलताना तोंडावर रुमाल धरायचे. मी म्हटलं, चाचा, रुमाल काढा. ते म्हणाले, "नको मॅडम, बास येते. घरी नात आहे ना, चार सालची. ती म्हणते दादा, तुम्ही लांबून गोष्ट सांगा." मग चाचा दाराजवळ बसायचे, नात पलंगावर, आणि गोष्ट एवढ्या लांबून. मी त्यांच्या हिरड्या साफ केल्या, दोन-तीन आठवडे लागले. तहान लागली की पाणी पिता येत नाही, कारण प्यायलेलं पाणी अंगातच साचतं. म्हणून चूळ भरून थुंकायची, बर्फाचा लहानसा खडा चघळायचा, असं शिकवलं. रक्तदाबाच्या एका गोळीने हिरड्या फुगल्या होत्या, ती वरच्या डॉक्टरांनी बदलून दिली. एका मंगळवारी चाचा लांबूनच मला खुणावत होते. जवळ गेले तर म्हणाले, "काल माझ्या गोदीत बसून गोष्ट ऐकली." बस, एवढंच. मी खाली येऊन आलेल्या पेशंटवर उगीचच ओरडले, नाहीतर रडले असते.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती माझ्या शहाणपणाची नाही.

भागवतभाऊ यावलकडचे केळीवाले. मोठी बाग, माणूस मोकळा, मिशी भरघोस. त्यांच्या डायलिसिसचे वार मंगळवार आणि शुक्रवार. बरोबर बायको, इंदूअक्का. सातवी शिकलेली बाई, पण डॉक्टरने दिलेला प्रत्येक कागद बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची आणि बिस्किटाच्या डब्यात घडी करून ठेवायची. या आजारात केळं म्हणजे विषच. केळ्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. चांगली किडनी तो बाहेर टाकते, यांच्या रक्तात तो साचतो आणि वाढला तर हृदयच बंद पाडतो. केळीवाल्याला केळं बंद! अक्काने पिकलेला घड घरात आणणं बंद केलं. सत्यनारायणाच्या प्रसादात केळं घालू दिलं नाही, भटजी रागावून गेले तरी. भाजी उकळून त्याचं पाणी फेकायची, मग फोडणी द्यायची. दोन वर्षं त्या बाईने नवऱ्याच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून पहारा दिला.

आणि आता ती स्वतःची एक किडनी त्यांना देणार होती. जुळत होती. मुंबईच्या दवाखान्याने तपासण्यांची यादी दिली, तिच्यात एक ओळ होती: दोघांच्या दातांचा दाखला. अक्का तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, किडनीले दाताचं काय काम?"

मी समजावलं. नवी किडनी अंगाला परकी. शरीराने तिला हाकलून लावू नये म्हणून आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात, आणि ती औषधं शरीरातला राखणदारच झोपवतात. अशा वेळी दाताच्या मुळाशी पू राहिला असेल तर तो कुठेही पसरतो. किडनी जाते, माणूसही जातो. म्हणून तोंड साफ झाल्याशिवाय माझी सही नाही, आणि सहीशिवाय ऑपरेशन नाही.

"माझे दात?" भागवतभाऊ हसले. "लोखंड हायेत, बाई!" खाताना डाव्या बाजूने मात्र चावत नव्हते, ते मी आधीच पाहिलं होतं. आ करायला लावलं. खालच्या दोन दाढा मुळापासून किडलेल्या, दाबलं की पू. वरची एक हलत होती. मी अशी काही ओरडले की पलीकडच्या बेडवरच्या आजी जाग्या झाल्या.

अशा माणसाचा दात काढायचा तर वार बघावा लागतो. मशीनवर असताना रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, त्या दिवशी दात काढला तर रक्त थांबत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त स्वच्छ असतं आणि औषधाचा असर गेलेला असतो. किडनीच्या डॉक्टरांशी बोलून मी शनिवार ठरवला. शनिवारी खालच्या दोन्ही दाढा काढल्या, टाके घातले, अर्धा तास बोळा दाबून बसवलं. रक्त एकदम बंद. मी खूश. अशा वेळी माणसाला स्वतःचं फार कौतुक वाटतं आणि तिथेच घात होतो.

माझ्या दवाखान्यात दात काढलेल्या प्रत्येकाला एक छापील कागद मिळायचा. वर माझं नाव, खाली सात सूचना. दवाखाना उघडला त्या वर्षी मीच त्या लिहिल्या होत्या. थुंकू नये, काडी घालू नये, गरम पिऊ नये वगैरे. हात धुता धुता मी गठ्ठ्यातला कागद काढून अक्काला दिला. ती दारात उभी राहून वाचत होती, बोट ठेवून. बाहेर तीन पेशंट बसले होते. तिने विचारलं, "बाई, यातलं समदं चालीन ना ह्याइले?"

मी मागे वळलेसुद्धा नाही. म्हटलं, "अहो अक्का, कागदावर आहे तसंच करा. आपल्या मनाचं काही करू नका."

सोमवारी दुपारी यास्मिनचा फोन आला. "मॅडम, भागवतभाऊंना आणलंय. पाय उचलत नाहीत. छातीची ईसीजी पट्टी खराब आहे." मी चपला न घालता वर गेले. भाऊ मशीनवर, मिशीखाली ओठ पांढरे, डोळे मिटलेले. हृदयाचे ठोके मध्येच थबकत होते. यास्मिन आणि वरचे तरुण डॉक्टर दोघंही मॉनिटरच्या पडद्यावरून नजर हलवत नव्हते. ठोके जरा सावरले तसे डॉक्टर बाहेर आले आणि अक्कावर तुटून पडले.

"दोन वर्षं घसा कोरडा केला तुमच्यापुढे! काय खायला दिलं?"

"शिकरन," अक्का म्हणाली.

"केळ्याचं? किती?"

"दोन दिवस. दुसरं काही चावता येत नव्हतं."

आणि मला माझ्याच कागदावरची चौथी सूचना डोळ्यांपुढे दिसली. 'दोन दिवस मऊ व गार पदार्थ खावेत. उदा. दूधभात, केळ्याचं शिकरण, आइस्क्रीम.' जळगावात केळं घरोघरी, म्हणून मीच मोठ्या हौसेने लिहिलेलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर ओरडले.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाली, "कोनी नही. मलेच वाटलं, दोन घास पोटात जातीन."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण पांझरेच्या दोन्ही काठांना ऐकू जाणारा माझा आवाज त्या दिवशी बाहेर आला नाही. भागवतभाऊंची बहीण तिथेच होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "किडनी द्यायले निघाली, अन् विष चारलं!" अक्का भिंतीला टेकून उभी राहिली, पदर तोंडात धरून. तरी मी गप्पच.

संध्याकाळपर्यंत ठोके सरळ झाले. भाऊंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "शिकरन मातर झकास झालं होतं." सगळे हसले, अक्का सोडून. मी खाली आले आणि तो कागदांचा गठ्ठा फाडून टाकला. फाडणं सोपं होतं. तरुण डॉक्टरांकडे जाऊन 'चूक माझी' म्हणणं जमलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. मी स्वतःला समजावत होते की माणूस वाचला ना, आता बोलून काय उपयोग. हा शुद्ध भित्रेपणा होता. हीच मी दुसऱ्याच्या खोटेपणावर तीस वर्षं ओरडत आले होते.

ऑपरेशनची तारीख पुढे गेली. वरची हलणारी दाढ काढली, तेव्हा काय खायचं ते मी अक्काला तोंडी, तीनदा सांगितलं. ती नुसती मान डोलवायची. पूर्वी बागेच्या, पुतण्याच्या लग्नाच्या गोष्टी सांगणारी बाई, आता नवऱ्याला घास देताना तिचा हात अडखळायचा. यास्मिन म्हणाली, "मॅडम, अक्का मला रोज विचारतात, माझी किडनी त्यांना लागेल ना, का माझा हातच वाईट आहे?" ते ऐकून मला जेवण गेलं नाही.

मग अक्काच्या दाताची पाळी आली. देणाऱ्याचंही तोंड साफ लागतं. अक्का मिसरी लावायची, आमच्याकडच्या बायका लावतात तशी, लहानपणापासून. दात काळे, हिरड्या सोललेल्या. मी सांगितल्याबरोबर तिने मिसरीची डबी सोडली होती. खुर्चीत बसवलं, तोंडात पाण्याची नळी, गालात कापूस. मी दातावरचा काळा थर खरवडत होते. समोरचा माणूस बोलू शकत नाही आणि उठूनही जाऊ शकत नाही, अशी ही आमची खुर्ची. त्या खुर्चीच्या आडोशाला मी बोलले.

"अक्का, तुमची चूक नव्हती. माझ्या कागदावर छापलं होतं शिकरण. तुम्ही मला विचारलंत आणि मी मागे वळून पाहिलंही नाही. त्या दिवशी डॉक्टरांपुढे मी बोलायला हवं होतं. मी घाबरले."

अक्काने हाताने खूण केली, थांबा. मी नळी काढली. तिने सावकाश चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. त्यातून माझा कागद. चार घड्यांचा, मऊ पडलेला. चौथी सूचना निळ्या पेनने गच्च खोडलेली होती.

"दवाखान्यातून घरी गेलो त्याच दिवशी खोडली," ती म्हणाली. "कोनाच्या हाती पडला त?"

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत होतं, माझं चुकलंय?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही? इतकं ऐकून घेतलंत!"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "बाई, मी तुमचं नाव घेतलं असतं त वरचे समदे लोक तुमच्यापुढे तोंड उघडत होते ते मिटून घेतलं असतं. त्या चाचाची नात पुन्हा लांब बसली असती. मले काय, मी बायको. माझ्यावर चार लोक बोलले, त्याच्यानं काय होते?" मग म्हणाली, "पन रातच्याले वाटे, माय, खोडून काय होते, चारलं त म्याच ना."

मी आरसा ठेवला आणि तिचे हात धरले. ग्लोव्हजसकट. दोघी रडलो, मी जास्त मोठ्याने, अर्थात. मी म्हटलं, मी उद्या वर सगळ्यांना सांगणार. ती म्हणाली, "कायले? झालं ते झालं." मी म्हटलं, "गप्प बसा अक्का, ओरडणारी बाई आहे मी." ती खरवडलेल्या दातांनी हसली. दात पांढरे निघाले होते, तिला स्वतःलाच आरशात ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. डायलिसिसचा हॉल भरलेला. तरुण डॉक्टर होते, भाऊंची बहीण डबा घेऊन आलेली. मी मधोमध उभी राहिले आणि देवपुरी आवाजात सांगितलं, की भागवतभाऊंना केळं माझ्या कागदाने चारलं, अक्काने नाही. अक्काने विचारलं होतं, मी ऐकलं नाही. कागद हातात धरून दाखवला. भाऊंची बहीण उठली, अक्काशेजारी जाऊन बसली आणि डब्यातली पहिली पोळी तिच्या हातात दिली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मीसुद्धा त्यांना नीट विचारलं नव्हतं." मी टॉर्च हातात घेऊन तशीच उभी. आता कोण तोंड उघडणार माझ्यापुढे?

खिडकीजवळच्या बेडवरून आवाज आला. "मॅडम, गलती सबसे होती. इकडे या, माझं तोंड बघून घ्या, मशीन सुटायला अजून टाइम आहे." सलीमचाचांनी रुमाल बाजूला ठेवून भला मोठा 'आ' केला होता.

दाखल्यांवर मी त्याच दुपारी सह्या केल्या. आधी भाऊंच्या, मग अक्काच्या. अक्का म्हणाली, "डोळे पुसा पहिले, कागद ओला होईन." ऑपरेशन झालं, किडनी लागली. अक्काचा हात वाईट नव्हता.

माझ्या दवाखान्यात आता दोन कागद आहेत, आणि डायलिसिसवाल्यांचा कागद भाची प्रत्येकाला वाचून दाखवते, बोट ठेवून. तो खोडलेला मी मागून घेतला. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

गेल्या श्रावणात दोघं आले होते, बागेतल्या केळ्यांची फणी घेऊन. आता डॉक्टरांनी भाऊंना अधूनमधून अर्धं केळं खायला मोकळीक दिली आहे, रक्ताची तपासणी बघून. अक्काने एक केळं सोललं, मधोमध मोडलं, अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. भाऊंनी ते तोंडात घातलं आणि डोळे मिटले. उरलेलं अर्धं अक्काने माझ्यापुढे धरलं.

"घ्या बाई, मऊ आहे," ती म्हणाली. "का पहिले कागद पाहू?"